ओमा फिंचेचा सा

मी पियानो बोलतोय. मिरवावं असं माझ्यात आता फारसं उरलेलं नाही. दोन पट्ट्या दमट हवेने फुगून बसल्यात आणि झाकण कुरकुरतं. तरी बसा घटकाभर. या घरात ऐकणारं माणूस हल्ली विरळाच.

टोमोहोनच्या या डोंगरावर मी आलो तो लवंगा उतरवून परत निघालेल्या ट्रकमधून. कित्येक दिवस माझ्या अंगाला लवंगेचा वास येत होता. मला आणलं ओपा येर्मियासनी; इकडे आजोबांना ओपा म्हणतात आणि आजीला ओमा. ते शाळामास्तर, शिवाय चर्चच्या गायक मंडळाचे वादक. माझं लाकूड फुगू नये म्हणून त्यांनी माझ्या पोटात एक बारका बल्ब कायम जळत ठेवला होता. त्या उबेत मी सुखात होतो.

तालमी आमच्याच घरी व्हायच्या. ओपांची बायको, ओमा फिंचे, तेव्हा स्वयंपाकघरात असायची.

"अगं फिंचे, ये की गायला!" कोणीतरी हाक मारायचं.

"येते! मग केक काय तुमचा काका भाजणार?" ती आतूनच ओरडायची.

सगळे हसायचे, मीही हसायचो. पण तिचा गाता आवाज कसा आहे, हे मला तेव्हा कधी कळलंच नाही.

मग ओपा गेले. मागोमाग पोटातला बल्बही गेला. तो बदलायचा असतो हे ठाऊक असणारा एकच माणूस होता. तालमी दुसऱ्या घरी गेल्या. बंद झाकण दिसलं की माणसांना त्यावर काहीतरी ठेवावंसं वाटतंच. माझ्यावर फोटो आले, प्लास्टिकची फुलं आली, औषधाच्या बाटल्या आल्या. मला फार एकटं वाटायचं. ओमाही समोरच्या खुर्चीत बसून असायची, पण आमचं आपसात बोलणं नव्हतं.

एक दिवस तिने तो सगळा पसारा उचलला आणि झाकण उघडलं. ओपांच्या पहिल्या स्मृतिदिनाला मंडळ घरी प्रार्थनेला येणार होतं. ओपांचं लाडकं भजन आपण वाजवायचं आणि त्यावर घर पुन्हा गायला लागलं पाहिजे, असं तिने मनाशी घेतलं होतं.

इकडे गाणी आकड्यांत लिहितात. एक म्हणजे सा, दोन म्हणजे रे. ओमाने जुन्या कॅलेंडरातले आकडे कापले, शिजलेल्या भाताने माझ्या पट्ट्यांवर चिकटवले. पाच तेवढा लाल, रविवारचा. पहिला आकडा, म्हणजे सा, तिने पांढरी एक या पट्टीवर लावला. शिकवायला कोणी नव्हतं. एका बोटाने ती रोज मला टोचत बसायची.

"तू परत? तुला कोणी बोलावलं होतं?" चुकीच्या पट्टीला ती दटावायची.

ज्या दिवशी भजन शेवटपर्यंत गेलं, त्या दिवशी ती ओपांच्या फोटोला म्हणाली, "ऐकलंत? हसू नका."

स्मृतिदिनी घर माणसांनी भरलं. मंडळ चालवणाऱ्या तांते नॉर्चेने, म्हणजे नॉर्चेमावशीने, हात वर केला. ओमाने झगा सारखा केला आणि सुरुवात केली. सूर एकही चुकला नाही. पण मंडळाचा आवाज पार तळघरात गेला. बायकांचे सूर गळ्यातच अडकले, पुरुष नुसते घुमू लागले.

"ओमा, हे भजन आहे की बोटीचं इंजिन?" ओम बॉइके, म्हणजे बॉइकेकाका, म्हणाला आणि हशा पिकला.

नॉर्चे खाली वाकली. "ओमा, भजनाच्या पानाच्या कोपऱ्यात लिहिलंय ते बघितलं नाहीस का? सा कुठे धरायचा ते तिथे असतं. हे भजन पांढरी पाचात आहे. तू आकडे भलतेच खाली चिकटवलेस गं."

"मग आता?"

"आता राहू दे. आम्ही नुसतेच गातो. तू बस निवांत."

"बरं. मी केक बघते," ओमा म्हणाली आणि आत गेली.

मंडळ मोकळ्या गळ्याने गायलं. नंतर सगळ्यांनी केकची तारीफ केली. चार लोकांत तिला खाली बघावं लागलं आणि मला तिची बाजू घेता आली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली. नखाने पहिला आकडा उकरू लागली. भात घट्ट धरून होता. मग तिने हात आवरला आणि शिकली होती तसंच भजन वाजवलं. दुसऱ्या ओळीला तिने तोंड उघडलं.

जाडसर, खोल, वयाने खाली उतरलेला आवाज होता तो. पांढरी एकच्या त्या खालच्या ‘सा’मध्ये तो बरोबर बसला. इतकी वर्षं हा आवाज भिंतीपलीकडे भांडी लावत होता.

भजन संपल्यावर ती बराच वेळ रडली. मग डोळे पुसून, पहिल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथेच बरं आहे."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी येते. आम्ही दोघंच असतो. यंदा तिसरी पट्टीही जड झालीय, आणि तिचं बोटही.

तुमच्यापैकी कोणी या डोंगरावर आलंच, तर माझ्यासाठी एक बारका बल्ब आणा. आणि सा चुकलाय असं तिला सांगू नका. आवाज थोडा खाली आणा आणि तिच्याबरोबर गा.