उलटी धरलेली दुर्बीण

मित्रांनो, आधीच बजावून ठेवते. मी सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर माझी सगळी भिंगं आत्ताच्या आत्ता तडकोत. तडकली? नाही ना? मग गुमान ऐका.

मी एक जुनी दुर्बीण आहे. दोन नळ्यांची, काळ्या कातड्याची. ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझी भिंगं इतकी घासली, इतकी घासली, की पहिल्यांदा डोळ्याला लावली तेव्हा त्याला पलीकडच्या डोंगरावरच्या मुंगीच्या कपाळावरचा घाम दिसला. पुढे एका बोटीवरच्या स्वयंपाक्याने मला घेतलं. एकदा धुक्यात कप्तानाला खडक दिसेना, तेव्हा मीच त्याच्या हातात आपणहून डावीकडे वळले आणि बोट वाचली. त्या गडबडीत माझ्या एका नळीचा टवका उडाला. कौतुक मात्र कप्तानाचं झालं. चालायचंच.

म्हातारपणी स्वयंपाक्याने मला आपल्या भाचीला दिलं. ही भाची रफूचं काम करते. कोटाला भोक पडलं, शाल उंदराने कुरतडली, की लोक तिच्या दुकानात येतात. नुसत्या राखाडी दोऱ्याच्या तिच्याकडे एकतीस छटा आहेत. ती अशी छटा जुळवते, की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच सापडत नाही.

आणि तिला नाद चंद्रग्रहणाचा. खग्रास ग्रहणात चंद्र नाहीसा होत नाही, तांबूस होतो. कधी घासलेल्या तांब्यासारखा, कधी विझत आलेल्या कोळशासारखा. तो किती काळा पडला, ते ती मोजते. त्यासाठी मला उलटी धरायची. नळीला एक डोळा लावला की चंद्र आकसून ठिपक्याएवढा होतो. दुसऱ्या, मोकळ्या डोळ्याने एखादा तारा बघायचा. दोघांत उजळ कोण, ते ठरवून चंद्राच्या उजेडाचा आकडा काढायचा आणि आकाश बघणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळाला कळवायचा.

"अगं, उलटी धरलीस," तिचा नवरा म्हणायचा. तो बस चालवायचा, आता घरीच असतो. तीस वर्षं हा एकच विनोद.

"तुम्ही बस मागे घेत नव्हता का? तसंच समजा," ती म्हणायची.

मंडळाचे चिटणीस तेव्हा म्हणायचे, "ताईंचा आकडा म्हणजे सोनाराचा काटा." ते ऐकून मीच फुगायचे.

पण माझं वय झालं, मित्रांनो. दर ग्रहणाला मी दवात चिंब व्हायचे, आणि मला गारठा लागू नये म्हणून ती लगेच मला कातडी पेटीत घालून पट्टा आवळायची. मायेनेच करायची. पण मी ओलीच असायचे. टवका उडालेल्या नळीत आतून बुरशी धरली. आणि नेमकी तीच नळी ती डोळ्याला लावायची, कारण टवक्यात अंगठा नीट बसायचा. मला सगळं कळत होतं. सांगणार कोणाला? अंधारात पडून राहायचे, बस.

परवाच्या ग्रहणाच्या दिवशी सकाळी तिला चिटणिसांचं पत्र आलं. "ताई, तुमचा आकडा सगळ्यांपेक्षा काळा येतो. गेली चार ग्रहणं आम्ही तो धरलेला नाही. वयोमानाने डोळ्यांचं असं व्हायचंच."

त्या दिवशी तिने एक राखाडी कोट पाच वेळा दारात उजेडाला नेला. दोरा लावला, उसवला. परत लावला, परत उसवला.

चंद्र त्या दिवशी ग्रहण लागलेलाच उगवणार होता, सूर्य मावळता मावळता. दोघं गच्चीवर आली. आकाश रिकामं.

"कुठाय तुझा चंद्र?" नवऱ्याने विचारलं.

"उगवलाय. दिसत नाहीये."

"मग उगवलाय कशावरून?"

"वेळापत्रकात आहे."

"वेळापत्रकात माझी बसही असायची."

एरवी ती हसली असती. तिने पत्र त्याच्या हातात दिलं. "आजचा आकडाही काळा आला, तर उद्यापासून दुकान बंद. लोकांचे कोट कोणत्या डोळ्याने सांधू?"

अंधारल्यावर पाण्याच्या टाकीमागे तांबडा डाग दिसला. तिने मला उलटी धरली, पुन्हा पुन्हा पाहिलं, आकडा लिहिला. चिटणिसांना फोन केला. बाकी सगळ्यांना चंद्र खूपच उजळ दिसला होता. ती पालथ्या बादलीवर बसली. तिचे खांदे एवढे पडलेले मी कधी पाहिले नव्हते.

नवऱ्याने मला उचललं आणि तिच्यासारखीच उलटी धरली. "तू म्हणतेस तेवढा काळा नाही गं. त्या ताऱ्यापेक्षा बरा उजळ आहे."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं."

"जन्मभर सिग्नल बघितलेत मी."

ती बघत राहिली. त्याने डोळ्याला भलतीच नळी लावली होती, चांगली. तिने मला ओढूनच घेतलं. त्या नळीला आपला नेहमीचा डोळा लावला. चंद्र उजळ. टवक्याच्या नळीला लावला. काळा. परत उजळ, परत काळा. मग बॅटरी मारून आत पाहिलं. पांढरी जाळी पसरली होती.

"डोळा शाबूत आहे हो," ती म्हणाली. मग तिने नवा आकडा लिहिला, आणि खाली चिटणिसांना एक ओळ: "आधीचे चारही आकडे खोडून टाका. डोळा बरा आहे, नळी खराब होती." ती चार ग्रहणं गेली ती गेलीच. ती काही पुन्हा मोजता येत नाहीत. मग तिने मला कोरड्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "चुकलंच माझं. माफ कर."

माझी बुरशी आता निघणार नाही. मी एका नळीवर चालते, तेही दमत दमत. तुम्हाला एवढंच सांगते मित्रांनो, ज्याच्यावर माया आहे त्याला ओलं असताना कोंडून ठेवू नका. थोडं वारं लागू द्या.

आणि हो, माफीचं तेवढं मी पदरचं घातलं. दुर्बिणीची माफी कोण मागतं? तिने फक्त मला खिडकीत ठेवलं आणि पेटी उघडीच टाकून झोपायला गेली.