रिकाम्या खुर्चीपुढची तालीम

ख्रिस्ती सिस्टरांच्या एका मुलींच्या शाळेत, शेवटच्या वर्गातल्या मुलींना पुढे कुठल्या कॉलेजात जावं हे सांगायला एक बाई नेमलेल्या होत्या. मुली त्यांना दिशाबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. इतक्या मुलींना त्यांनी वाटेला लावलं, पण स्वतः मात्र याच शाळेत शिकल्या, इथेच नोकरीला लागल्या आणि इथेच त्यांचे केस पिकले. आता मात्र वर्ष संपलं की त्या निघणार होत्या. समुद्रापलीकडे एकटी राहणारी थोरली बहीण कधीची त्यांच्या मागे लागली होती. राजीनामाही देऊन झाला होता.

निघण्याआधी एकच काम गळ्यात होतं, ते म्हणजे कुजबुज. मुलीचं हे नाव वर्गाने ठेवलेलं, कारण तिचं बोलणं शेजारणीलासुद्धा ऐकू जात नसे. डोकं मात्र असं, की गणिताच्या बाई तिच्यासमोर फळ्यावर लिहिताना दोनदा विचार करत. दूरच्या एका नामांकित कॉलेजाने तिला फी माफ करून घ्यायची तयारी दाखवली होती, पण मुलाखतीत बोलावं लागणार होतं. नाही जमलं तर आईशेजारी शिवणयंत्रावर बसून जन्मभर गणवेश शिवायचे. आई काही वाईट नव्हती. तिचे डोळे अधू झाले होते आणि हाताखाली कुणीतरी हवं होतं, एवढंच.

मुलाखतीची तालीम पूर्वी मोठ्या सिस्टर घेत, पाहुण्यांच्या खोलीत, उंच पाठीच्या खुर्चीत बसून. एरवी "अगं ए वेडाबाई" अशी हाक मारणाऱ्या सिस्टर त्या खोलीत मुलीला "या, बसा, काय म्हणता?" असं विचारत, आणि मुलगी आपोआप ताठ बसे. त्यांच्यापुढे कुजबुजसुद्धा घडाघडा बोलायची. पण हिवाळ्यात सिस्टर वारल्या आणि मुलीची दातखीळच बसली.

तेव्हा दिशाबाईंनी नको तो शहाणपणा केला. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात त्या एक उपाय शिकल्या होत्या. गेलेल्या माणसाची खुर्ची रिकामी ठेवायची, तो समोर बसलाय असं समजायचं आणि मनातलं बोलून टाकायचं. शेवटी रीतसर निरोप घ्यायचा आणि खुर्ची हलवायची, हेही तिथे बजावून सांगितलं होतं. बाईंनी मुलीला खोलीत नेलं. "सिस्टर समोर आहेत असं समज," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी ये आणि बोल." मुलगी खरंच बोलायला लागली. बाई इतक्या हरखल्या, की निरोपाचं त्यांच्या डोक्यातूनच गेलं.

येता-जाता दाराबाहेर त्यांना तिचा आवाज ऐकू येई, चांगला खणखणीत. मग हळूहळू एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मुलगी मधेच थांबायची, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. कधी हसायची. कधी "नाही हो सिस्टर, तसं नाही," म्हणायची. ती गेल्यावर बाई आत डोकावत, तर खुर्चीतली उशी दबलेली असे. बाई ती थोपटून सारखी करत आणि मुलगीच बसली असेल, अशी स्वतःची समजूत घालत. दुसऱ्या दुपारी उशी पुन्हा दबलेली असे.

मुलाखत तोंडावर आली आणि मुलगी बाईंच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, मी नाही जात."

"का गं? आई काही बोलली?"

"आई तर जा म्हणते. सिस्टर नको म्हणतात. मी गेले तर त्यांच्याजवळ कोण बसणार?"

"अगं, सिस्टर आता नाहीत. मी तुला फक्त समजायला सांगितलं होतं."

"तुम्हीच तर बोलावलंत त्यांना," मुलगी म्हणाली. ती चिडलेली नव्हती, आणि त्यानेच बाई जास्त घाबरल्या. "आता त्यांना जाता येत नाहीये."

बाई तडक पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. खुर्ची उचलून अडगळीत टाकायची आणि विषय संपवायचा, असं ठरवूनच गेल्या. एका हाताने सरकणारी ती खुर्ची दोन्ही हातांनी ओढूनही हलेना. कुणी बसलेलं असताना हलत नाही, तशी. सिस्टर गुडघ्यांना लावत त्या मलमाचा वास खोलीत दरवळत होता.

"सिस्टर, पोरीला सोडा," त्या म्हणाल्या. उशी तशीच दबलेली राहिली. बाईंना रागच आला. "जन्मभर एकेकीला धाडलंत ना बाहेर? मग हिलाच का धरून बसलात?"

बोलता बोलता त्यांना कळलं. धाडलेल्यांपैकी परत कोण आलं होतं? शेवटच्या दुखण्यात सिस्टर याच खोलीत फाटकाकडे तोंड करून बसत. आणि बाई, ज्या रोज समोरच्या पडवीतून जात, त्या दारातूनच "कसं वाटतंय?" विचारून पुढे सटकत. कामं असत ना! बाईंना स्वतःची लाज वाटली, इतकी की भीती मागे पडली. राहिलेला निरोप आता घेणं म्हणजे पुन्हा दारातूनच सटकणं झालं असतं. त्या मुलीच्या जागेवर बसल्या.

"तिला जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी बसते तुमच्याजवळ. मी कुठेही जात नाही."

मुलाखतीत कुजबुज अशी बोलली, की समोरच्यांनाच तिला थांबवावं लागलं. निघायच्या दिवशी ती बाईंच्या पाया पडली, आईला घट्ट मिठी मारली आणि मागे वळून न बघता फाटकाबाहेर गेली. पाहुण्यांच्या खोलीची तिला आठवणसुद्धा झाली नाही. बाईंना बरं वाटलं आणि तुटल्यासारखंही झालं.

राजीनामा मागे घेतल्याचं त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं.

"वेड लागलंय का तुला?" ताई कडाडली. "कोण आहे गं तिथे तुझं?"

बाईंनी पाहुण्यांच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. पलीकडे ताईचा आवाज एकदम खाली आला. "मी इथे एकटी आहे गं. भिंतींशी बोलते मी."

"ठाऊक आहे, ताई," बाई म्हणाल्या. त्यांना रडू फुटत होतं, पण दुपारची घंटा झाली होती आणि पाहुण्यांच्या खोलीत त्यांची वाट बघणं सुरू झालं होतं. त्यांनी फोन ठेवला.