खुर्ची वळण्यापुरती जागा

लेयर : भिंती

तेजलने व्हीलचेअर नव्या न्हाणीसाठी मारलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघांच्या आत ढकलली आणि ब्रेक लावला. खुर्चीत तिचे सासरे, धोंडूबाबा. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची डावी बाजू गेली होती.

"बसली की खुर्ची," भिकाजी मिस्त्री म्हणाला. "अजून काय होया, वहिनी?"

"ही रेघ भिंतीची कुठली बाजू?"

"बाहेरची. आम्ही बाहेरचीच मारतो."

आधीची न्हाणी अशीच फसली होती. मुंबईहून नवऱ्याने, महेंद्रने, फोनवर मापं सांगितली, भिकाजीने ती बाहेरून धरली, जांभ्याच्या जाड चिऱ्यांनी आतली जागा खाल्ली. खुर्ची दारातच अडली. आता तिथे नारळाची सोडणं रचलेली होती आणि बाबांना धरून न्यायचं, धुवायचं काम तेजलच्या कमरेवर होतं.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि लॅपटॉप आणायला आत गेली.

लेयर : खुर्ची

कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या रविवारच्या क्लासला ती जायला लागली तेव्हा शाळेच्या ऑफिसात सगळे हसले होते. महेंद्रही फोनवर म्हणाला होता, "तू क्लार्क आहेस ना गो? आता इंजिनीअर होणार?" ती तेव्हा कमरेला शेक घेत होती.

पडवीच्या पायरीवर बसून तिने लॅपटॉपवरच्या नकाशात चिऱ्याच्या जाडीची भिंत आत ओढली. मग नव्या लेयरवर, नकाशाच्या वेगळ्या थरावर, खुर्ची. मग खुर्ची वळायला लागतं तेवढं वर्तुळ. वर्तुळाने भिंत कापली, म्हणजे खुर्ची अडणार.

भिकाजी वाकून बघत राहिला.

"रेघ बाहेर सरकवतो. पण तिकडे माड आहे."

"माड राहू दे. स्वयंपाकघरातून घेऊ." तिने भिंत अलीकडे ओढली, ओटा छोटा केला. वर्तुळ सुटलं.

"नळ डावीकडे दिसतो," बाबा म्हणाले. "माझा चालता हात हा."

तिने एक कमांड दिली. नळ, कमोड, धरायचा दांडा, सगळं आरशातल्यासारखं दुसऱ्या बाजूला गेलं.

बाबांनी पडद्याकडे बोट केलं.

"मलापण फिरव बघू असा."

भिकाजी हसला. तेजललाही हसायचं होतं.

लेयर : दार

दार बाहेर उघडणारं. आतून ओढायला दोरी.

"कडी?" बाबांनी विचारलं.

"कडी नको, बाबा. आत पडलात तर?"

"काढ."

"नकाशात कडी काढत नाहीत."

"मग शीक. एवढं शिकलीस."

भिकाजी उठून फक्की पुसायला गेला. पायाने, सावकाश.

आजारपणाच्या पहिल्या दिवसापासून तेजल त्यांना धुवायला लागली की बाबा डोळे मिटून घ्यायचे. पाणी थंड असो, गरम असो. धुऊन झालं, लुंगी नेसवली, खुर्ची पडवीत आणली की मगच उघडायचे. यावर दोघं कधी बोलली नव्हती.

तिने दाराजवळ दोन बारीक रेघा काढल्या. खुर्चीत बसून हात पोचेल एवढ्या उंचीचा आकडा शेजारी लिहिला.

लेयर : माणसं

गिलावा सुकला, फरशी बसली. सकाळी तेजलने नेहमीसारखे खुर्चीचे दांडे धरले.

"सोड," बाबा म्हणाले.

उजव्या पायाने फरशी रेटत, उजव्या हाताने चाक फिरवत ते आत गेले. खुर्ची एकदा भिंतीतल्या दांड्याला घासली. मग वळली. दोरी ताणली गेली, दार लागलं.

तेजल दाराशी उभी राहिली. हात अजून दांडे धरल्यासारखेच पुढे होते. पदर खोचलेला. मग्गा, साबण, टॉवेल, सगळं आत होतं.

कडी लागली.

"बाबा?"

"काय गो?"

"काही नाय."

नळ सुरू झाला. आत काहीतरी पडलं. तिचा हात दाराकडे गेला.

"साबण," आतून आवाज आला. "माझा मी घेतो."

ती मागे सरली. मागच्या पायरीवर बसली, पाठ चिऱ्याला टेकली, आणि तिने डोळे मिटले.