काकवीची पहिली धार

सुमंतच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती काढायला ब्रह्मदेव खाली उतरला तरी उपयोग नाही, हे उल्काला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यामुळे सव्हानाहून परतताना जॉर्जियातल्या एका रस्त्याकडेच्या स्टॉलवर त्यानं चवीसाठी ठेवलेल्या केन सिरपमध्ये बोट बुडवलं, चोखलं आणि "अगं, ही तर काकवी!" असं भर गर्दीत मराठीत ओरडला, तेव्हाच तिनं ओळखलं की आता आपली धडगत नाही. पोळीशी खायला एखादा डबा घेणं आपण समजू शकतो. या गृहस्थानं दोन खोकी घेतली.

"एवढ्याचं करायचं काय?"

"बघशील."

ते आपल्या कॅरी गावात घरी आल्यावर थोड्याच दिवसांत एक तांब्याचं भांडं आलं. घुमटासारखं झाकण, त्यातून निघालेली वाकडी नळी. गुलाबपाणी काढायचं भांडं, असं खोक्यावर लिहिलेलं होतं. पण गुलाबपाण्याला यीस्टची पाकिटं कशाला लागतात? उल्का लहान मुलांची डॉक्टर होती. निवृत्त झाली तरी समोरच्याचं तोंड बघून खोटं ओळखायची सवय तिची गेली नव्हती. चहाचा कप समोर ठेवून तिनं नुसतं बघितलं, आणि सुमंतनं कबुली दिली.

"मळीपासून काढतात ती रम वेगळी. रसाच्या काकवीपासून काढली ना, की तिला उसाचा वास राहतो. गुऱ्हाळाचा."

"सुमंत, या देशात घरी बीअर करा, वाइन करा, कुणी विचारत नाही. दारू गाळली की गुन्हा आहे. सत्तरीत मला तुझ्यासाठी डबा घेऊन जेलमध्ये यायला लावू नकोस."

"एकदाच, उल्का. एकदाच करतो नि भांडं फेकून देतो."

'गुऱ्हाळ' म्हटल्यावर तिचा जोरच गेला. सुमंतच्या चुलत्यांचं कराडजवळ गुऱ्हाळ होतं आणि सुमंतचं अख्खं बालपण त्या चुलाण्याच्या उबेला गेलं होतं. पुढे तो इंजिनियर झाला, अमेरिकेत आला, चाळीस वर्षं पंपांची डिझाइनं केली, पण दोन घोट चहा पोटात गेला की गाडी गुऱ्हाळावर. उल्का मुंबईत वाढलेली. तिनं गुऱ्हाळ कधी पाहिलं नव्हतं, पण सुमंतच्या तोंडून तिथला वास तिला पाठ झाला होता. रस काहिलीत, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईत, पडला की आधी ओल्या हिरव्या गवताचा वास येतो. उकळी फुटली की भाजलेल्या कणसाचा. आणि काहील उतरायच्या जरा आधी, अगदी थोडा वेळ, गरम इस्त्रीखालच्या सुती सदऱ्याचा.

"गुळाला इस्त्रीचा वास?" उल्का दर वेळी हसायची. "तुझ्या काकांनी सदरा टाकला असेल काहिलीत."

"एकदा चल, मग बोल."

पण ते एकदा काही आलं नाही. गुऱ्हाळ दिवाळीनंतर पेटतं आणि शिमग्यापर्यंत विझतं. आणि अमेरिकेतली मंडळी भारतात जाणार ती मुलांच्या शाळेच्या सुट्टीत, म्हणजे जूनमध्ये. दर दोन वर्षांनी जूनमध्ये हे गावी जायचे आणि दर दोन वर्षांनी सुमंत तिला गार, रिकामी काहील दाखवायचा. त्यांच्या मुलीचं, शिवांगीचं शिक्षण झालं, ती दूरच्या चँडलर शहरात नोकरीला गेली, हे दोघं निवृत्त झाले आणि अखेर भर जानेवारीत गावी गेले, तर गुऱ्हाळाच्या जागी मंगल कार्यालय उभं होतं. सुमंत त्याच्या पार्किंगमध्ये बराच वेळ उभा राहिला होता. उल्कानं त्या दिवशी थट्टा केली नाही.

तेव्हा आता सत्तरीत त्याला कॅरीच्या गॅरेजमध्ये गुऱ्हाळ लावायचं होतं, तर लावू दे. तिनं गॅरेजमधली तिची शिवणाची मशीनसुद्धा हलवली.

मग महिनाभर नुसता उत्सव. बादलीत काकवी कालवली. परसातल्या भेंडीचं एक झाड मुळासकट उपटून, ठेचून त्यात बुडवलं, कारण गुऱ्हाळावर रसातला मळ भेंडीच्या चिकानं वर काढतात. या काकवीतला मळ जॉर्जियातच काढून झाला होता, पण घराण्याची रीत म्हणजे रीत. यीस्ट पडल्यावर बादली रात्रंदिवस बुडबुड करू लागली आणि सुमंत दिवसातून दहादा झाकण उचलून त्यात डोकं घालू लागला. बाहेर आला की चेहरा उतरलेला असायचा. उल्काला वाटायचं, नीट फसफसत नसेल.

त्याचा मित्र गिरीश इथंच, दहा मिनिटांवर राहायचा. त्याला बातमी लागायला वेळ लागला नाही. "हे बघ, मला पहिल्या धारेचीच पाहिजे हं," तो फोनवर म्हणाला. "बाकीची तू प्रसाद म्हणून वाट." गिरीशनं जन्मात देशी दारू पाहिली नव्हती, पण पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात अस्सल, एवढं मराठी माणसाला न पिताही ठाऊक असतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी सुमंतनं शेगडी पेटवली. गिरीश चारला येणार होता. उल्का चिवडा आणि लिंबं आणायला इंडियन स्टोअरमध्ये गेली आणि दुपारी परत आली, तर ड्राइव्ह-वेवरच तिला वास आला.

नेलपॉलिश रिमूव्हरचा. शिवांगी कॉलेजात असताना घरभर यायचा, तसाच, नाकात झणझणणारा. गॅरेजचं दार उघडं होतं. बाकावर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर टेपची पट्टी, पट्टीवर क्रमांक आणि किती भरली त्याची रेघ. सुमंत स्टुलावर बसून पहिल्या बरणीत नाक खुपसून होता. डोळे मिटलेले. बस येते का म्हणून वाकून बघणाऱ्या माणसासारखा तो वाट बघत होता.

"सुमंत, पहिली फेकलीस ना?"

तो दचकला. मग हसला. "फेकण्यासारखं काही आलंच नाही गं. मी बघतो तो व्हिडिओवाला म्हणत होता, सुरुवातीला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. विषारी असतं ते, वास जाईपर्यंत फेकत राहायचं. मी वाट बघत बसलो, तर वास आलाच नाही. एकदम क्लीन. पहिल्या थेंबापासून सगळी ठेवलीय."

उल्का पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. तिचे डोळे त्या वासानं चुरचुरत होते आणि तिचा नवरा त्याच बरणीवर वाकून तिला क्लीन म्हणत होता.

मग एकेक गोष्ट आपापल्या जागेवर येऊन बसली. मागच्या हिवाळ्यात नासक्या दुधाचा चहा त्यानं मिटक्या मारत प्यायला होता. फोडणी जळून काळी झाली तरी शेजारी उभा राहून फोनवर बोलत होता, आणि तिनं "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून झापलं होतं. शिवांगीच्या वाढदिवसाच्या कार्डावर त्याची सही मुंगीएवढी झाली होती. चालताना डावा हात हलत नव्हता. तिला वाटलं, खांदा आखडलाय. झोपेत लाथा झाडायचा. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचं हे सगळं तिला कुणी सांगितलं असतं, तर तिनं फोनवरच म्हटलं असतं, पार्किन्सन्स असू शकतो, वेळ घालवू नका. आणि स्वतःच्या घरात वर्षभर ती थट्टा करत बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिला जोरात रडावंसं वाटलं. त्याऐवजी तिनं विचारलं, "उसाचा येतोय वास?"

सुमंतनं तिच्याकडे पाहिलं. "येतोय की. मस्त."

खोटं बोलताना त्याची मान जराशी कलते. आत्ताही कलली होती.

"जा, आंघोळ कर," ती म्हणाली. "गिरीश येईल."

तो वर गेला आणि ती कामाला लागली. पहिल्या दोन बरण्या तिनं मोरीत ओतल्या, वर भरपूर पाणी सोडलं. पंख्याचं तोंड दाराकडे केलं. मधल्या बरण्यांतली थोडी थोडी घेऊन दोन्ही रिकाम्या बरण्या रेघेपर्यंत भरल्या आणि जागच्या जागी ठेवल्या. गिरीश मनाचा वाईट नाही, पण तोंडाचा फटकळ. "सुमंत, हे काय यार, नाक गहाण ठेवलंय काय?" असं काहीतरी तो बोलणार, पोट धरून हसणार, आणि सुमंतलाही त्याच्याबरोबर हसावं लागणार. तेवढं होऊ नये. आजार कुठे पळून जात नव्हता, पण आजचा दिवस त्याचा होता. तो तिला वाचवायचा होता.

गिरीश चारच्या ठोक्याला आला. सुमंतनं पहिल्या क्रमांकाच्या बरणीतली थोडी ओतली, लिंबाची फोड दिली. गिरीशनं ग्लास नाकाशी नेला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"आयला! काय वास आहे यार! रसवंतीत बसल्यासारखं वाटतंय. फक्त ती घुंगरं राहिली वाजायची."

"म्हटलं नव्हतं?" सुमंतनं स्वतःचा ग्लास नाकाशी धरला, लांब श्वास घेतला आणि मान डोलावली. पण त्याचं लक्ष ग्लासात नव्हतं. तो गिरीशच्या चेहऱ्याकडे बघत होता. उल्कानं ते पाहिलं. गिरीशचा चेहरा वाचून हा माणूस वास घेत होता. कुणास ठाऊक किती दिवस तो असाच, तिच्या चेहऱ्यावरून तिच्या आमटीचा वास घेत आला असेल.

गिरीश चिवडा संपवून, एक छोटी बाटली बगलेत मारून, उन्हं असतानाच गेला. जाताना चार वेळा म्हणाला, "पहिल्या धारेची ती पहिल्या धारेची!"

उल्का ग्लास विसळायला उठली, तसा सुमंत म्हणाला, "पाच नंबरची रेघेच्या खाली गेलीय. सहाचीसुद्धा."

ती थांबली.

"पहिल्या दोन ओतून टाकल्यास ना?"

चाळीस वर्षं मोजमापात घालवलेल्या माणसासमोर तिनं रेघा भरल्या होत्या, पण फक्त दोनच. बाकीच्यांचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"खूप येत होता वास?"

"ड्राइव्ह-वेपर्यंत."

सुमंतनं मान हलवली. "वर्ष झालं असेल. आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं, येईल आपोआप. मग कॉफीचा गेला. अंगाच्या साबणाचा गेला. तुझ्या केसांचा गेला. म्हटलं, सगळे जातील, पण हा नाही जाणार. हा हाडात बसलाय. घरात उसाचा एवढा मोठा वास काढला तर तो कुठून तरी आत शिरेलच. म्हणून हा सगळा खटाटोप." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "रोज बादलीत डोकं घालायचो. काही नाही, उल्का. नुसती हवा."

ती त्याच्याशेजारी दुसऱ्या स्टुलावर बसली. त्याचा डावा हात तिनं हातात घेतला. तो गार होता आणि बोटं जरा ताठ होती. आज पहिल्यांदाच तिला ते जाणवलं.

"पार्किन्सन्स ना?" त्यानं विचारलं. "गुगल केलंय मी. तुला विचारायची हिंमत होत नव्हती. तू डॉक्टर आहेस, तू हो म्हटलं असतंस तर ते खरं झालं असतं."

"तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही. सोमवारी न्यूरॉलॉजिस्टला फोन करते."

"सोमवारी कर. आज शनिवार आहे." त्यानं मधल्या बरणीतली, तिनं हात न लावलेली, बोटभर ग्लासात ओतली आणि तिच्यापुढे धरली. "आज मला वास सांग."

"मी कुठे पाहिलंय रे गुऱ्हाळ? मला काय कळणार?"

"सांग तर."

उल्कानं ग्लास घेतला. तिला ठाऊक होतं काय म्हणायचं ते. त्याचेच शब्द होते, पाठ होते, ते म्हणून टाकायचे आणि त्याला बरं वाटू द्यायचं. तिनं ग्लास नाकाशी नेला.

"ओल्या गवताचा," ती म्हणाली. आणि तो खरंच होता. कापलेलं, हिरवं, दव धरलेलं गवत.

"मग?"

ग्लास तिनं दोन्ही तळव्यांत धरून जरा उबवला. "कणीस. भाजलेलं."

"मग?"

तिनं पुन्हा वास घेतला. आता पाठ केलेलं म्हणायचं होतं. तेवढ्यात कणसाच्या मागून काहीतरी कोरडं, गरम, स्वच्छ असं वर आलं. शाळेच्या दिवशी सकाळी आई गणवेशावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवायची, तसं. थोडाच वेळ आलं आणि गेलं. चाळीस वर्षं ती ज्याला हसली होती, तो वास उठून कॅरीच्या गॅरेजात आला होता, आणि ज्याच्यासाठी आला होता त्याला सोडून तिच्याकडे गेला होता. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"इस्त्रीचा येतोय रे," ती म्हणाली. "सुमंत, खरंच येतोय. सुती सदऱ्याचा."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. डोळे, नाक, ओठ, सगळं नीट वाचत होता. ती आपली समजूत घालतेय का, तेही त्यानं पाहिलं असावं. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. तिचा ओला गाल त्यानं उलट्या हातानं पुसला.

"बघ," तो म्हणाला. "म्हणत होतो ना मी."