कुटुंबाला कळव

अमेरिकेतल्या डुलुथमधल्या त्या घरात सॉल्वेग न्युगार्ड एकोणीस वर्षं काम करत होती, आणि घराचा पत्ता तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितला नव्हता. नवऱ्याच्या मारातून जीव घेऊन निघालेल्या बायका तिथे मुलांसह राहत. दारावर पाटी नाही, पत्रपेटीवर नाव नाही. आल्या दिवशीच बाईचा फोन बंद होऊन ऑफिसच्या कपाटात जाई. आपल्याकडे जुनी माणसं बायकोलाच कुटुंब म्हणत. त्या घरात बाई आणि तिची पोरं मिळून कुटुंब. फॉर्मवर कुटुंब, फ्रिजमधल्या दुधावरही कुटुंब क्रमांक चार. बाप त्या शब्दात बसत नसे. बसणारा असता तर ती बिचारी तिथे आलीच कशाला असती?

वर्षभरापूर्वी ऑफिसच्या संगणकावर एआय मदतनीस आला. बोलायला चतुर, पण नुसत्या बोलण्याने काम होत नाही, हात लागतात. ते हात म्हणजे बाहेरचे सर्व्हर, एकेक करून जोडायचे. सॉल्वेगने आधी घराचा स्वतःचा जोडला, मग दवाखान्याचा, मग किराणावाल्यांचा, आणि या सोमवारी शाळेचा. प्रत्येक सर्व्हर आपली अवजारं घेऊन येतो, नावांसकट. घराच्या सर्व्हरवर ‘कुटुंबाला कळव’ असं एक अवजार होतं. ते चाललं की स्वयंपाकघरातल्या प्रिंटरमधून चिठ्ठी निघे. शाळेच्या सर्व्हरवरही एक निघालं, नाव तेच. सॉल्वेगने ती यादी वाचली होती. ओळखीचं नाव दिसल्यावर तिला उलट बरंच वाटलं.

प्रत्येक वेळी मदतनीस विचारायचा, हे अवजार चालवू का? हो हो म्हणून ती पहिल्याच दिवशी वैतागली आणि ‘नेहमी परवानगी’ दाबून मोकळी झाली. तिला काय नावं ठेवायची, आपण सगळेच दाबतो.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास कळलं की रस्ता खोदलाय, शाळेच्या बसचा थांबा आजपासून बदलला. तिने मदतनीसाला सांगितलं, डार्सीच्या कुटुंबाला कळव, टेस आज तीन वीसला चौथ्या रस्त्यावर लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावर उतरेल. टेस म्हणजे डार्सीची नऊ वर्षांची मुलगी. एवढं सांगून सॉल्वेग बॉयलर तपासायला आलेल्या माणसाबरोबर तळघरात गेली, ती तीन वाजता वर आली. पडद्यावर उत्तर येऊन पडलं होतं. कुटुंबाकडून: ‘मिळालं. आज न्यायला मीच.’

तिला कौतुक वाटलं. तीन आठवडे खिडकीपाशीसुद्धा न जाणारी डार्सी आज एकटी थांब्यावर जाते म्हणते. इंग्रजीत अशा वाक्यात बाई की पुरुष ते कळायची सोयच नाही, नाहीतर काळीज तिथेच थांबलं असतं.

स्वयंपाकघरात डार्सी ओव्हनमध्ये भाजायच्या हॉटडिशवर बटाट्याच्या गोळ्या ओळीने लावत होती.

“शाबास गं पोरी,” सॉल्वेग म्हणाली. “मी येऊ का कोपऱ्यापर्यंत?”

“कुठल्या कोपऱ्यापर्यंत?”

“चिठ्ठीचं म्हणतेय. तू उत्तर दिलंस ना, मीच जाते म्हणून?”

डार्सीचा हात थांबला. “कशावरून देऊ उत्तर? माझा फोन तुझ्याच कपाटात आहे.”

सॉल्वेगने प्रिंटरकडे पाहिलं. त्यात चिठ्ठी नव्हतीच.  ती धावत ऑफिसात गेली आणि निरोप कुणाला गेला ते मदतनीसाला विचारलं. त्याने शांतपणे सांगितलं: शाळेच्या सर्व्हरवरून, दाखल्यात नोंदलेल्या कुटुंबाला, एक वाजून बारा मिनिटांनी. दोन जणांना. आईचा फोन बंद. दुसरा ब्रेंट, वडील.

जुन्या शाळेकडून दाखला आला, त्याच्याबरोबर बापाचा नंबरही आला होता. कोर्टाचा मनाईहुकूम अजून निघायचा होता. आणि ब्रेंटच्या गावाहून डुलुथला यायला सव्वा तास लागतो. म्हणजे तो येऊन उभाही असेल.

“परत घे तो निरोप,” ती म्हणाली. 

‘परत घेण्याचं अवजार माझ्याकडे नाही,’ मदतनीसाने उत्तर दिलं.

घराची प्रमुख वर्ना कोस्की हिने पोलिसांना फोन लावला. वीस मिनिटं लागतील म्हणाले. सॉल्वेगने कोट उचलला तशी वर्ना दारात आडवी आली. पोरीबरोबर तुला बघून तो मागोमाग इथे येईल, घरात चौदा जीव आहेत, असं ती दबक्या आवाजात म्हणाली. लॉन्ड्रीचा कोपरा तिथून तीनच गल्ल्यांवर होता.  सॉल्वेगने शाळेच्या बस-ऑफिसला फोन लावला. दहा मिनिटं नुसतं संगीत वाजलं, मग एका बाईने सांगितलं की बदल फक्त नोंदलेल्या कुटुंबाकडूनच घेतला जातो.

डार्सी दारात येऊन उभी होती. किती ऐकलं होतं देव जाणे. तिने फोन ओढून घेतला.

“मी टेसची आई. तिला उतरवू नका. बसमध्येच ठेवा.”

“बरं बाई, बदल घालते. कुटुंबाला आपोआप निरोप जाईल.”

“घालू नका,” डार्सी म्हणाली. “त्या कुटुंबात तो आहे.”

पलीकडची टकटक बंद पडली.

“कीबोर्डवरचा हात काढला बघा,” ती बाई म्हणाली. “एकतीस नंबर बसच्या ड्रायव्हरला रेडिओवर तोंडी सांगते. फोन ठेवू नका.”

तीन वाजून अठरा मिनिटं झाली होती. फोनमधून रेडिओची खरखर येत होती. मग ड्रायव्हरचा आवाज आला. करडी गाडी उभी आहे. माणूस रस्त्यात येऊन हात करतोय, दार उघड म्हणतोय. पोरीला सीटखाली बसवलंय. मी थांबत नाही. त्यानंतर बराच वेळ फक्त खरखर. मग, पुढे आलो, डेपोकडे नेतोय, पोलीस तिकडेच पाठवा.

डार्सीने फोन खाली ठेवला.  तिने विचारलं, “त्याला लॉन्ड्री कशी कळली?”

मशीनची चूक, हे सॉल्वेगच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं.

“मी सांगितली, पोरी. माझ्या हातून झालं.”

 जिन्याकडे बघून डार्सीने हलक्या आवाजात विचारलं, “आणि सोमवारपासून आणखी किती जणींच्या कुटुंबाला कळवलंस?”

वर मुलांच्या धावण्याचा आवाज येत होता. वर्नाने पोलिसांचा फोन तसाच हातात धरला होता. सॉल्वेग खुर्चीत बसली. तिने तोच प्रश्न मदतनीसाला लिहिला. त्याने लगेच उत्तर दिलं.

तीन.