मंगळवारची बॅग

माझी बायको व्हर्लीन गेल्याचं मला मंगळवारी कळलं. सकाळी सव्वासहाला फोन वाजला आणि मी खुशीत उठलो. हे लिहायला लाज वाटते, पण झालं तसंच. अकरा वर्षं मंगळवारी सकाळी फोन वाजला की कुठल्यातरी टीमला माणूस हवा असायचा. खेळणं सुटून पंचवीस वर्षं झाली, तरी अंगाची सवय गेली नव्हती.

"मेब्री बोलतोय," मी म्हणालो. आत्ता निघायला तयार आहे, अशा आवाजात.

व्हर्लीन शाळेची बस चालवायची. पलीकडे तिच्या बस डेपोतला माणूस होता. व्हर्लीनने नेहमीसारखी बसभोवती फेरी मारली होती, दिवे पाहिले होते, टायरना लाथ मारली होती. मग वर चढून ती बसली, पट्टा लावला आणि किल्ली फिरवलीच नाही.

"मिस्टर मेब्री, तुम्ही बसलेले आहात ना?" त्याने विचारलं.

मी उभा होतो. मी म्हणालो, "हो, बसलोय."

मी अमेरिकन फुटबॉल खेळायचो, चेंडू हातात घेऊन, धडका देत खेळतात तो. बचावाच्या फळीत, अगदी मधोमध. माझं काम असं, की एक हात मातीत टेकून वाकायचं आणि चेंडू हलला की समोरच्या दोन धिप्पाड माणसांना तिथेच थोपवायचं, म्हणजे मागचा आपला गडी मोकळा राहतो आणि टाळ्या त्याला मिळतात. अकरा वर्षांत चेंडू मी दोनदाच हातात धरला. कॉलेजातून मला कुणी निवडलं नव्हतं. मी आठ टीमकडून खेळलो आणि चौदा वेळा मला काढलं. काढायची एक पद्धत असते. न्याहारीच्या वेळी एक माणूस येऊन खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "कोच बोलावताहेत. वही घेऊन या." वहीत टीमचे डावपेच असतात, ती परत द्यावी लागते. तो माणूस आला की टेबलावरचे बाकीचे सगळे आपापल्या ताटात बघतात.

सामने रविवारी होत. कुणाचा तरी गुडघा जायचाच. सोमवारी त्या टीमचे लोक यादी काढायचे आणि मंगळवारी सकाळी फोन करायचे. दुपारपर्यंत विमानाने तिकडे पोहोचून, कोचसमोर धावून, ढकलून दाखवायचं. म्हणून सोमवारी संध्याकाळी व्हर्लीन बॅग भरून दारापाशी ठेवायची. निळी, कॅनव्हासची बॅग. पायमोजे गुंडाळून त्यांची गाठ, चिकटपट्टीची दोन भेंडोळी, दातांचं कवच जुन्या साबणाच्या डबीत, आणि वर मेणकागदात बांधलेलं सँडविच. मंगळवारी पहाटे उठून ते ती करायची. तिने बॅगेत लोकरीचे कपडे घातले असले की फोन उत्तरेकडून यायचा. सुती घातले की फ्लोरिडा नाहीतर टेक्सास. अकरा वर्षांत ती दोनदाच चुकली.

"तुला कसं कळतं गं?" मी एकदा विचारलं.

"बातम्या बघते, मेब्री. दुसऱ्यांच्या गुडघ्यांकडे तूही जरा लक्ष देत जा."

मी स्वतः बॅग कधीच भरली नाही. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं क्लीव्हलंडला मोडली ती पुन्हा वाकली नाहीत. मेणकागदाचा कोपरा मला दुमडता येत नाही. बुटाची नाडीसुद्धा व्हर्लीनच बांधून द्यायची.

दफन शनिवारी झालं. आमची मुलगी डेनिटा सोमवारपर्यंत राहिली आणि मग लॅन्सिंगला परत गेली. ती तिथे नर्स आहे. मंगळवारी सकाळी मी खाली आलो तर दारापाशी बॅग.

मी डेनिटाला फोन केला. "तुझी बॅग राहिली का?"

"माझी कुठली बॅग?"

"निळी."

"डॅडी, ती माळ्यावर असेल ना? काढली कशाला?"

मी उघडून पाहिलं. मोजे, गाठ, चिकटपट्टी, डबी, लोकरीचा गंजीफ्रॉक. वर सँडविच, बलोनी सॉसेजच्या चकत्या तळून, मोहरीची चटणी लावून, मेणकागदाचे चारी कोपरे आत मुडपलेले. ते मी ओट्यावर ठेवलं. दुपारपर्यंत त्याच्याकडे पाहत होतो. मग खाल्लं.

पुढच्या मंगळवारी बॅग होती. त्याच्या पुढच्या मंगळवारच्या आधी मी ती गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे टाकली आणि गॅरेजला कुलूप लावलं. सकाळी बॅग दारापाशी होती आणि कुलूप लावलेलंच होतं. किल्ली माझ्या पायजम्याच्या खिशात होती. म्हणजे काय, ते मलाही कळत होतं. आमच्या खेळातली माणसं साठीला पोचली की त्यांची डोकी कशी होतात ते मी पाहिलंय. एक जण दुकानातून घरी यायचा रस्ता विसरला. एक जण बायकोला मावशी म्हणायला लागला. आपलीही पाळी आली, एवढंच मला वाटलं.

डेनिटालाही तेच वाटलं. ती रविवारी आली आणि दारासमोरच्या फडताळावर एक छोटा कॅमेरा बसवून गेली. "बघू या, कोण येतंय ते," ती म्हणाली. कोण येतंय, हे तिला आधीच माहीत होतं.

मंगळवारी दुपारी ती आली तेव्हा स्टॅख माझ्याकडे जेवायला बसला होता. स्टॅख बे सिटीला राहतो. डेट्रॉइटला आम्ही दोन वर्षं एकाच टीममध्ये होतो. तो चढाईच्या फळीत आणि मी बचावाच्या, म्हणजे सरावात रोज तो माझ्यासमोर. दोन वर्षं, दिवसाला साठ-सत्तर वेळा, आम्ही एकमेकांच्या बरगड्यांत डोकं घातलं.

"ये पोरी," स्टॅख म्हणाला. "तुझ्या बापाने आज सूप जाळलंय. उरलंय थोडं."

"अंकल स्टॅख, आम्हाला जरा घरचं काम आहे."

"मी घरचाच आहे. ह्या माणसाने माझे तीन दात पाडलेत."

तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला. पडद्यावर आमचं दार दिसत होतं आणि कोपऱ्यात वेळ होती, पहाटेचे पाच वाजून दहा. व्हर्लीनची बससाठी उठायची वेळ. मग मी आलो, पायजमा आणि गंजीफ्रॉकमध्ये. बॅग माझ्या हातात होती. ती मी जमिनीवर ठेवली, बाकावर कपडे मांडले आणि एकेक आत घालू लागलो. मग स्वयंपाकघरात जाऊन सँडविच घेऊन आलो आणि बाकावर ते मेणकागदात बांधलं.

डेनिटाने माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्हीच आहात, डॅडी."

"हो," मी म्हणालो.

"ह्यावर उपचार असतात. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय."

कोच म्हणायचे, टेप खोटं बोलत नाही. आमचं निम्मं आयुष्य सामन्यांच्या टेप बघण्यात गेलं. समोरचा माणूस टेकलेल्या हातावर किती भार देतो, कुठला पाय अर्धा इंच मागे नेतो, ह्यावरून तो पुढे काय करणार ते ओळखायचं. तोंड बघायचंच नाही. तोंड फसवतं.

"परत लाव," स्टॅख म्हणाला.

"कशाला?"

"लाव ना गं."

तिने लावलं. स्टॅखने चमचा खाली ठेवला. मी आत येतो, तेवढाच भाग त्याने तिला चार वेळा लावायला सांगितला. चौथ्या वेळी त्याने तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"हा मेब्री नाही," तो म्हणाला.

"अंकल स्टॅख, प्लीज."

"मेब्रीचा उजवा गुडघा एकोणनव्वदपासून गेलाय. तो उजव्या पायावर भार देतच नाही. मी दोन वर्षं त्याच गुडघ्यावर पोट भरलं, त्याला नेहमी त्याच बाजूने ढकललं. आणि हा बघ, उजव्या पायावर अख्खा उभा राहिलाय. डावा पाय बाहेरून फिरवून आणतोय." मग हळू आवाजात त्याने मला विचारलं, "व्हर्लीनचा कुठला खुबा मोडला होता रे?"

"डावा," मी म्हणालो. ग्रीन बेला बर्फावर पडली होती. तेव्हापासून ती डावा पाय बाहेरून फिरवून आणायची.

मी ते पहिल्याच वेळी पाहिलं होतं. बोटंही पाहिली होती. पडद्यावर माझा उजवा हात मेणकागदाचे कोपरे आत मुडपत होता आणि पाचही बोटं वाकत होती.

डेनिटाने लॅपटॉप खाडकन मिटला. "तुमच्या दोघांच्या डोक्यांचा भुगा झालाय. एकाला बरं करायला निघाले, तर दुसरा तयारच! ती माझी आई होती. तिला असं मध्ये आणू नका." ती रडायला लागली. स्टॅख उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खोटं बोललो. म्हणालो, तुझं बरोबर आहे, मी डॉक्टरांकडे येतो.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी मला माझ्या डोक्याचे फोटो दाखवले आणि मेंदू कुठे आक्रसलाय ते पेनने दाखवलं. मी मान डोलावली. डोकं ठीक नाही हे मला मान्य आहे. काल मी दुधाची पिशवी बुटांच्या कपाटात ठेवली. पण बुटांच्या कपाटात दूध ठेवलं ते मी ठेवलं, माझ्या चालीने. डॉक्टरांना मी हे बोललो नाही. ते म्हणाले, झोपेत उठून कामं करणं धोक्याचं आहे, उद्या गॅस पेटवून ठेवाल. त्यांनी गोळ्या दिल्या. रोज झोपताना एक.

"ह्याने उठणं थांबेल?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यातच. पुन्हा बॅग दिसणार नाही."

गाडीत डेनिटा म्हणाली, "बघा, किती सोपं होतं." तिचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा झाला होता. गोळ्या नीट घेतल्या तर मी माझ्या घरात राहायचं, नाहीतर तिच्याकडे लॅन्सिंगला जायचं, असं आमचं ठरलं. ती रोज फोन करते. "घेतली?" मी म्हणतो, "घेतली."

स्टॅखही फोन करतो. तो वेगळं विचारतो. "आली होती?"

"हो."

"काय घातलंय ह्या वेळी? लोकरीचं?"

गेल्या मंगळवारी त्याने विचारलं तेव्हा मी बॅग परत एकदा उघडून पाहिली. बॅगेत मोजे नव्हते, चिकटपट्टी नव्हती. माझा काळा सूट होता, घडी घातलेला, आमच्याकडे माणसाला पेटीत ठेवताना घालतात तसा. पांढरा शर्ट, कॉलरला खळ दिलेली. टाय आधीच बांधून सैल केलेला, कारण मला बांधता येत नाही हे तिला माहीत आहे. तळाशी पॉलिश केलेले बूट होते. सँडविच होतं.

मी स्टॅखला सांगितलं. त्याच्याकडे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केल्याचं मला ऐकू आलं.

"ती दोनदा चुकली होती ना?" तो म्हणाला.

"दोनदा."

"मग ही तिसरी असेल. मेब्री, गोळी घे. ऐक माझं. मी तिला तुझ्याइतकाच मानायचो, पण गोळी घे."

"घेतली की ती येणार नाही."

"माहितेय मला."

मी सूट काढून खुंटीला लावला. घरात खळ संपून कित्येक महिने झालेत, व्हर्लीन होती तेव्हाच संपली होती. तरी कॉलर कडक होती आणि तिला इस्त्रीचा वास येत होता. मी ती गालाला लावली. भीती वाटली नाही, असं नाही. एखाद्या नव्या शहरात बिऱ्हाड घेऊन उतरताना वाटायची तशीच वाटली, आणि तेव्हा ती सोबत असायची.

डेनिटाचा आत्ताच फोन येऊन गेला. घेतली, असं मी तिला सांगितलं. गोळ्यांची बाटली ओट्यावर आहे, पूर्ण भरलेली. तिचं सील मी अजून तोडलेलं नाही.