मेणाच्या साहेबांचा डावा गाल

माझं काम काय असं कुणी विचारलं, तर मी सांगते, मोठ्या लोकांची डागडुजी करते. लोक हसतात. हसू देत. आमच्याकडे मेणाच्या पुतळ्यांचं एक संग्रहालय आहे, बसस्टँडच्या मागे. वर पत्रा, आत चार पंखे, आणि त्या वाऱ्यात उभी असलेली जगातली थोर मंडळी. कुणाचा कान गळला, कुणाची भुवई उडाली, कुणाच्या गालात एखाद्या कार्ट्याने नख खुपसून बघितलं, की गरम चमच्याने मेण भरायचं, घासायचं, रंगवायचं. डोकं आणि हात तेवढे मेणाचे. कोटाच्या आत सगळा पोकळ कारभार. हे मी फक्त साहेबांबद्दल म्हणत नाहीये, सगळ्यांचंच तसं असतं.

साहेब म्हणजे देशाचे साहेब, टीव्ही लावला की दिसतात ते. दारातून आत आलं की पहिला पुतळा त्यांचा, आणि शेजारी बाईसाहेब, त्यांच्या कोपरात हात अडकवून. लोक दोघांच्या मध्ये डोकं घालून फोटो काढायचे.

पण त्या दिवसांत माझं लक्ष पुतळ्यांत नव्हतं. माझी मोठी बहीण महिन्यापूर्वी नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे, म्हणजे आईकडे आणि माझ्याकडे, राहायला आली होती. भाऊजींचं ऑफिसातल्या एका बाईशी जमलंय, हे तिला कळलं ते पडद्यांच्या दुकानात. ही गेली होती उशीचे अभ्रे आणायला, आणि ते दोघं तिथे पडदे निवडत होते. पडदे! ताईच्या घरात लग्नापासून तेच विटके पडदे, आणि नवे घेऊ म्हटलं की भाऊजी म्हणायचे, "ऊन अडतंय ना? मग झालं." ताई दुकानातून परस्पर इकडे आली.

आली तशी गप्प. रडणं नाही, भांडणं नाही, नुसती भाज्या निवडायची. घरात इतकी निवडलेली भाजी मी जन्मात बघितली नव्हती. आईचं म्हणणं, झालं गेलं विसरून हिने परत जावं. माझं म्हणणं, मुळीच जाऊ नये. भाऊजींनी आईला फोनवर गोड बोलून असं गुंडाळलं की तिने परस्पर सांगून टाकलं, रविवारी या आणि घेऊन जा. ताईला विचारलं, "जाणार का?" तर ती म्हणाली, "बघू." त्या एका शब्दावर आमचा दोघींचा जीव टांगणीला लागला होता.

त्यात साहेबांचं प्रकरण फुटलं. मागे देशावर संकट आलं होतं तेव्हा साहेब आठवडाभर मौन पाळून एकांतात बसले होते. सगळा देश हळवा झाला होता. आमच्या आईने तर त्या आठवड्यात टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघितला. आणि आता त्याच आठवड्यातली ध्वनिफीत बाहेर आली. समुद्रकाठचा कुठलासा बंगला, कुणी एक बाई, आणि साहेब त्यांना गाणं म्हणून दाखवतायत. एक संपलं की दुसरं. बाई मध्येच म्हणतात, "पुरे ना आता," तरी गडी थांबत नाही.

लोक खवळले. काही जण मौन खोटं निघालं म्हणून, काही जण बाई निघाली म्हणून, आणि मला विचाराल तर बरेचसे गाणं बेसूर निघालं म्हणून. साहेबांनी निवेदन काढलं की हा आवाज माझा नव्हेच. "पटतंय," आमचा मालक म्हणाला. "एवढा वाईट आवाज कुणाचाच नसतो."

आमच्याकडे पहिली थप्पड मारली ती एका निवृत्त मास्तरांनी. गरीब माणूस. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, बाही दुमडली, साहेबांच्या गालावर एक ठेवून दिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माफ करा हं." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मागच्या माणसाला राहवेना. त्याच्या मागच्यालाही राहवेना. दुसऱ्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेली. मालकाने 'हात लावू नये' ही पाटी उतरवली आणि तिच्या जागी नवी लावली, 'फक्त गालालाच हात लावावा.'

भरायचं कुणी? मी! रोज संध्याकाळी चमचा तापवून बसायची. माणसं बहुतेक उजव्या हाताची, त्यामुळे सगळा मार डाव्या गालावर. भरून भरून तो गाल असा फुगला की साहेब दाढदुखीने रजेवर असल्यासारखे दिसायला लागले.

बाईसाहेबांना कुणी मारत नव्हतं. त्यांच्यापुढे बायकांचा घोळका असायचा, आणि तिथे सल्ले चालायचे. "सोड गं त्याला." "सोडू नकोस, आधी घर नावावर करून घे." "चांगला वकील गाठ." एक आजी रोज यायच्या आणि म्हणायच्या, "किती वाळलीस गं." मेण कुठे वाळतंय? पण मीही मान डोलवायची. मग मागणी आली, तिला त्याच्या शेजारून हलवा, बघवत नाही. मालक घाबरला. पण बनवताना काटकसर म्हणून बाईसाहेबांचा हात साहेबांच्या बाहीसकट एकाच साच्यात ओतलेला होता. वेगळं करायचं तर मनगटाला करवत लावावी लागणार होती.

हे मी घरी सांगितलं आणि आई ताटावरून उठली.

"खबरदार करवत लावलीस तर! मेणाचा का होईना, संसार आहे."

"कसला डोंबलाचा संसार? तो तिकडे गाणी म्हणतोय!"

"आरोप आहेत नुसते. सिद्ध कुठे झालंय?"

"आणि पडदे? तेही आरोपच का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

झालं. आई माझ्याकडे बघते, मी आईकडे, आणि दोघी चोरून ताईकडे. ताई वाटाणे सोलत होती. "तिला बसायला खुर्ची तरी द्या कुणी," ती म्हणाली. "किती दिवस उभी आहे."

महिन्याभरात ती एका दमात एवढं बोलली नव्हती. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मला काय करावं सुचत नाही, म्हणून मी आईवर आणखी ओरडले.

करवत लावलीच शेवटी. बाईसाहेबांना उचलून समोरच्या भिंतीशी नेलं, एका शास्त्रज्ञाच्या शेजारी. तर लगेच दुसरी बोंब. "पडत्या काळात नवऱ्याची साथ सोडली? हेच का संस्कार?" परत आणून साहेबांशेजारी उभी केली. मग पहिले लोक चिडले. शेवटी मालकाने तोडगा काढला, सकाळी शेजारी आणि दुपारनंतर लांब. तिला उचलून उचलून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला. आणि उचलताना मनात यायचं, ही मेणाची आहे, हिला विचारता येत नाही. पण घरी जी जिवंत आहे तिला तरी आम्ही धड कुठे विचारतोय? आई आणि मी, दोघी आपापलं उत्तर तयार ठेवूनच तिला प्रश्न विचारायचो. माझी मलाच लाज वाटायची. पण घरी गेलं की पुन्हा तेच.

रविवारी सकाळी ताई म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. गर्दी असेल, तेवढाच हातभार."

आई कपाळाला हात लावून बसली. "अगं, जावई यायचेत!"

"येऊ देत. तिकडेच घेऊन ये."

मी म्हटलं, ही जाणार. जाण्याआधी माझ्याबरोबर एक दिवस घालवतेय. रस्ताभर मी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि मला तर त्या येतच नाहीत.

संग्रहालयात झुंबड उडाली होती. ताईने बाईसाहेबांचे केस विंचरायला घेतले. इतक्या हळू विंचरत होती की सल्ले द्यायला आलेल्या बायकासुद्धा गप्प राहून बघत होत्या. दुपारी मी बाईसाहेबांना समोरच्या भिंतीशी नेलं, ताईही कंगवा घेऊन तिकडे गेली. तेवढ्यात रांगेत मला आई दिसली. मागे भाऊजी. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फुलांचा गुच्छ. आत यायचं तर रांगेतूनच यावं लागत होतं, आणि रांग साहेबांच्या समोरूनच जात होती.

आईची पाळी आली. तिने पुढे होऊन साहेबांचा टाय सरळ केला आणि बाजूला झाली. रांगेतून "शी!" असा आवाज आला. आईने वळून रांगेकडे असं बघितलं की आवाज जागच्या जागी विरला.

मग भाऊजी. ते गुपचूप पुढे सरकले असते, पण लोक आधीच आईमुळे चिडलेले. "अहो, तुम्ही तरी मारा!" "जोरात होऊ द्या!" भाऊजींना चारचौघांत मागे राहवत नाही, पहिल्यापासून. त्यांनी गुच्छ आईच्या हातात दिला, छाती पुढे काढली आणि साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"लाज नाही वाटत?" ते असे गरजले की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. "घरी सोन्यासारखी बायको! तुझ्या भरवशावर आलेली! तिने काय कमी केलं रे तुझं? आणि तू बाहेर तोंड काळं करतोस?"

आणि खाडकन वाजवली.

टाळ्या! शिट्ट्या! मास्तरांनंतर एवढी सुरेख थप्पड कुणी मारली नव्हती. भाऊजींना चेव चढला. त्यांनी आणखी एक लगावली, ती चुकून नाकावर बसली, नाक उडालं आणि आईच्या पायाशी जाऊन पडलं. भाऊजींनी ते उचललं, विजयी चेहऱ्याने लोकांकडे वळले, आणि समोर भिंतीशी ताई.

मला वाटलं, आता ही कोसळणार. आणि ताई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ती भिंतीला टेकून पोट धरून हसत सुटली. महिन्याभरात पहिल्यांदा.

"तू... ऐकलंस?" भाऊजी म्हणाले.

"म्हणा ना परत," ताई डोळे पुसत म्हणाली.

"काय?"

"तेच. सोन्यासारखी बायको. तिने काय कमी केलं."

भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं. "घरी बोलू आपण."

"त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, तुझं डोकं फिरलंय. म्हणालात, पडदेच तर होते." ताईचं हसू आता कुठल्या कुठे गेलं होतं. "मी महिनाभर वाट बघितली हो. आईचा फोन वाजला की वाटायचं, आज म्हणतील. एवढंच म्हणतील, की तिने काय कमी केलं, माझंच चुकलं. मी लगेच आले असते. चालत आले असते. आणि तुम्हाला येत होतं की. इतकं छान येत होतं म्हणायला."

भाऊजींनी हातातलं नाक खिशात टाकलं.

पण लोक ते लोकच. रांगेतून एक जण म्हणाला, "ताई, जाऊ द्या, माफ करून टाका. माणूस आहे." लगेच घोळक्यातून बायका, "मुळीच नको!" "अहो, आधी त्यांची बाजू..." "कसली बाजू, ऐकली ना आत्ता!" बघता बघता दोन तट पडले. मालकाकडे बघितलं, तर हे दोघं कुठे उभे केले तर बरे दिसतील याचा तो अंदाज घेत होता. मेल्याला तिथेच चमच्याने चटका द्यावासा वाटला मला.

"आई," भाऊजी काकुळतीला येऊन म्हणाले, "तुम्ही तरी सांगा हिला. लोक बघतायत."

आई गुच्छ हातात धरून उभी होती. टीव्हीवर कुणी साहेबांना नावं ठेवली तर वाहिनी बदलणारी माझी आई. तिने एकदा साहेबांच्या त्या बिननाकाच्या तोंडाकडे बघितलं, एकदा जावयाकडे.

"मी महिनाभर तिला तुमचंच सांगत होते," ती म्हणाली. "तिचं ऐकायचं राहून गेलं माझ्याकडून." मग ताईकडे वळली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर मला हातानेच गप्प केलं. "तू सांग गं. तुला जायचंय?"

"नाही," ताई म्हणाली. मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

आईने मान हलवली आणि गुच्छ भाऊजींच्या हातात परत दिला. "मग तुम्ही निघा, जावईबापू," ती म्हणाली. "मागे रांग खोळंबलीय."